चरात उतरण्याआधी

परवा तू डोक्याएवढ्या खोल चरात पाइप जोडायला उतरलास, तेव्हा माझं लक्ष तुझ्या हाताकडे नव्हतं, वर काठाकडे होतं. काठापासून वीतभर आत एक भेग पडली होती. आपल्या सांगलीची काळी माती फसवी असते रे. उन्हाळ्यात भिंत विटेसारखी कडक दिसते. एक वळीव पडला, की तीच फुगून सुटते. कृष्णेकाठच्या भागात तर खालून पाणी पाझरतं आणि भिंतीचा पायाच जातो.

एक घनमीटर माती दीड टनाच्या वर भरते. माझ्याबरोबरचा गडी फक्त छातीपर्यंत दबला होता, तोंड उघडं होतं, तरी श्वास घेता येईना. बाहेर सोडलेला श्वास परत आत घ्यायला माती जागाच देत नाही. आम्ही हातांनी उकरून काढला, म्हणून वाचला.

म्हणून सांगतो, दीड मीटरच्या खाली जायचं असेल तर दोन्ही बाजूंना फळ्या आणि मध्ये आडवे टेकू लागल्याशिवाय उतरू नकोस. मुकादम "पाच मिनिटांचं काम आहे" म्हणाला तरी नाही. मातीचा ढीग आणि जेसीबी काठापासून लांब हवेत. शिडी तुझ्या जवळच पाहिजे. वर एक माणूस कायम उभा असू दे. रात्री पाऊस झाला असेल तर सकाळी आधी भेगा बघ, मग चहा.

आणि कोणी दबलाच, तर त्याच्यामागे उडी टाकू नकोस. १०१ ला फोन कर.