नियम तुझा, तर हातही तुझेच

बाबा रे,

परवा ओट्यावर बसून तू विचारलंस, "काका, आईला किती समजावलं तरी ती दुधाच्या पिशव्या जाळूनच बंब पेटवते. मी वेगळी खोली करून राहू का?" तेव्हा मी काहीच बोललो नाही, तुझी काकू चहा घेऊन आली आणि विषय बदलला. प्लास्टिक जाळू नये हे मी तुला सांगायची गरज नाही. तुझ्या आईलाही नाही, त्या धुराचा पहिला ठसका तिलाच लागतो. पण खोलीची गोष्ट काढलीस आणि मला राग आला. रात्री पडल्या पडल्या कळलं की त्यातला बराचसा माझा मलाच आलेला होता.

1986 साली मी घरामागे गोबरगॅस बांधला. तेव्हा त्याला सरकारी अनुदान होतं, गावोगाव टाक्या होत होत्या. आमच्याकडे दोन म्हशी आणि एक बैलजोडी. दोन घनमीटरच्या टाकीला रोज पन्नास किलोच्या आसपास शेण लागतं आणि जवळजवळ तेवढंच पाणी. हा आकडा मला तोंडपाठ होता, कारण मी तो भाषणात सांगायचो. ते पन्नास किलो वाहायची मात्र तुझी काकू. शाळेला निघायच्या आधी मी खाटेवर चहा पीत बसायचो आणि ती कालवण्याच्या कुंडीत कोपरापर्यंत हात घालून गुठळ्या फोडायची. कडब्याच्या काड्या एकेक वेचून बाहेर टाकायच्या, नाहीतर पाइप तुंबायचा. लोखंडी टोपी वर उचलली गेली की गॅस भरला. ती टोपी वर आलेली बघून मला काय समाधान वाटायचं!

थंडीत शेण कुजायचं मंदावतं आणि गॅस कमी येतो. पौषात दोन भाकरी झाल्या की शेगडी मलूल व्हायची. मग ती मागच्या पडवीत गुपचूप चूल पेटवायची, कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर उरलेल्या भाकरी भाजायची आणि राख लगेच काढून टाकायची. मला हे माहीत होतं. तरी अमळनेरला एका सभेत मी छातीठोकपणे सांगितलं की आमच्या घरात चूल पेटत नाही. शाल-नारळ मिळाला. घरी येऊन तो नारळ तिच्या हातात दिला तर म्हणाली, "तुम्ही भाषन करा, मी शेन कालवस." मी हसलो. विनोद केला असं वाटलं मला.

एक मात्र स्पष्ट लिहितो, गोबरगॅस चुकीचा नव्हता. त्याची मळी पडलेल्या वाफ्यातली मिरची अजून आठवते. त्या वर्षांत आमचं सरपण निम्म्यावर आलं आणि माझं बघून गावात इतरांनीही टाक्या बांधल्या. आजही कोणी जनावरं असलेला माणूस विचारायला आला तर मी बांध म्हणेन. फक्त शेण मी कालवायला हवं होतं. नियम ज्याचा, हात त्याचे. हे कळायला मला म्हशी विकाव्या लागल्या. टाकी बंद पडली त्या दिवशी ती जी निवांत बसली, तसं तिला बसलेलं मी आधी पाहिलं नव्हतं.

आता तुझ्याकडे येतो. आईचे प्लास्टिकचे डबे तू भंगारवाल्याला दिलेस आणि काचेच्या बरण्या मागवल्यास. त्या आल्या थर्माकोलात आणि फुग्याच्या प्लास्टिकात गुंडाळून. ते सगळं कुठे गेलं रे? बंबात गेलं असेल तर आईला बोलू नकोस. डाळ चांगली दहा वर्षं राहिली असती त्या डब्यांत.

मग तो एसी. चोवीसच्या खाली न्यायचा नाही असा तू नियम केलास. चांगला आहे, एक अंश वर ठेवला तरी सहा टक्क्यांच्या आसपास वीज वाचते. पण एसी तुझ्या खोलीत आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला जातो तेव्हा ती शेगडीपुढे उभी असते, आणि तू आतून ओरडतोस की स्वयंपाकघरातला दिवा बंद कर! मला हे तुझ्या आईने सांगितलेलं नाही, तिने कधीच सांगितलं नसतं. तूच सांगितलंस, तक्रार म्हणून. खालची खोली थंड राहावी म्हणून गच्चीवर चुन्याचे दोन हात मारलेस का? स्वयंपाकघर नेमकं गच्चीखाली आहे तुमचं. जुन्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घरांवर माणसं दर पावसाळ्याआधी खारी माती टाकायची, स्वतः वर चढून. चुन्याला शिडी, बादली आणि कुंचला लागतो. एक रविवार.

मैदा बंद, कळण्याची भाकरी सुरू, हेही तुझंच फर्मान. ज्वारी-उडदाची भाकरी कोणाला नको आहे? मलाही तीच आवडते, वर मिरचीचा ठेचा आणि कच्चं तेल. पण ती थापताना चिरते, तव्यावर टाकताना तुटते. तू एक तरी थापून बघितलीस? पहिल्या आठवड्यात तुझ्या भाकरीचे नकाशे होतील. होऊ देत, तेच खा.

आणि बंब. हे नीट वाच. महिनाभर पाचला तू ऊठ आणि बंब तू पेटव. आईला झोपू दे. चार दिवसांत तुला समजेल की ती पिशवी का टाकते. पऱ्हाट्या उघड्यावर पडलेल्या असतात, दवाने ओल्या होतात, धरत नाहीत, आणि सहाला नळ येतो. तेव्हा हाताला जे येईल ते माणूस आत टाकतो. मग तू आपणहून पऱ्हाट्या पत्र्याखाली रचशील, करवंट्या आणि कोरड्या तुराट्या वेगळ्या ठेवशील. कदाचित छपरावर सौर बंब बसवायचंही मनावर घेशील. तो घेतलास तर बोअरचं पाणी आधी तपासून घे, आपल्याकडच्या जड पाण्याने क्षार बसतात. महाराष्ट्रात 2018 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, हे वाक्य पाचच्या अंधारात धूर फुंकत असलेल्या माणसाला ऐकवून बघ, म्हणजे त्याचं वजन कळेल.

खताच्या पिंपाचंही तेच. वास येतो म्हणून आईने झाकण लावून कोपऱ्यात ढकललं, यात तिचा काय दोष? तू नुसतं ओलं टाकत गेलास. खरकट्याच्या प्रत्येक थरावर वाळलेला पाला पडला पाहिजे, आणि आठवड्यातून एकदा ते खालीवर केलं पाहिजे. कोणी करायचं ते मी परत लिहीत नाही. बरं, लिहितो. तू.

वेगळी खोली घेतलीस तर तुझे सगळे नियम पहिल्याच दिवशी लागू होतील, मला मान्य आहे. तिथे अडवायला कोणी नसेल. जा मग. पण बाईकडून भांडी-झाडू करून घेऊन, डबा लावून मला सांगायला येऊ नकोस की माझं घर हिरवं आहे. तसलं भाषण मी तुझ्याआधी केलंय, शाल घेऊन.

चिडलो असेन तर सोडून दे. तुझ्या वयाची मुलं या गोष्टीवरून आईशी भांडतात याचं मला खरं तर बरंच वाटतं. माझ्या वर्गातली मुलं भांडायची ती मोटारसायकलवरून.

रविवारी ये. भरिताची वांगी आणली आहेत, पांढरट हिरवी, मोठी. काड्यांवर मी भाजणार आहे. काकूला पाट टाकून बाजूला बसायला सांगितलंय, पण ती बसेल असं वाटत नाही. गेल्या वेळी मी वांगी एका बाजूने करपवली होती. घरामागे ती गंजलेली टोपी अजून आहे, भंगारात द्यायची म्हणत राहिली. तुझ्या काकूने या पावसाळ्यात तिच्यावर गिलक्याचा वेल चढवला. मला विचारलं नाही. दोन-चार गिलकी लागली आहेत, जाताना आईसाठी घेऊन जा.

तुझा काका