बिलावरचा ‘क्रोनोमीटर’ आणि रोजचे १४ सेकंद

प्रश्न : मी नाशिकला राहते. वडील रेल्वेत स्टेशन मास्तर होते. त्यांच्या पंचाहत्तरीला, १९ महिन्यांपूर्वी, इथल्याच एका दुकानातून २,३५,००० रुपयांचं स्विस ऑटोमॅटिक घड्याळ घेतलं. बिलावर ‘स्विस क्रोनोमीटर, सीओएससी प्रमाणित’ असं छापलंय. ‘जिनिव्हा सीलही आहे’ असा दुकानदाराचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आहे. डायलवर मात्र फक्त ‘ऑटोमॅटिक’ आणि ‘स्विस मेड’. वॉरंटी कार्डावर कारखाना स्वित्झर्लंडच्या सोलोथर्न कँटनमधला (कँटन म्हणजे तिथलं राज्य). घड्याळ रोज १४ सेकंद मागे पडतं. बाबा आकाशवाणीच्या पिपांशी ताडून रोज डायरीत लिहितात. सर्व्हिस सेंटरने जॉब शीटवर ‘रोज २० सेकंद मागेपुढे चालते, दोष नाही’ असं लिहून दिलं. दुकानदार म्हणतो, ‘स्विस मेड म्हणजे प्रमाणितच.’ पैसे परत मिळतील का?

उत्तर : ताई, मिळण्याची शक्यता चांगली आहे. पण तक्रार ‘घड्याळ मागे पडतं’ एवढ्यावर उभी करू नका. ती बिलावरच्या ‘क्रोनोमीटर, सीओएससी प्रमाणित’ या ओळीवर उभी करा. क्रोनोमीटर म्हणजे अचूकतेच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेलं घड्याळ.

सेकंदांवर गेलात की समोरचा वकील विचारणार, घड्याळ कधी पडलं होतं का, मोबाइलच्या चुंबकाजवळ ठेवलं होतं का, रात्री कसं ठेवता? मग ग्राहक आयोग ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ नुसार ते प्रयोगशाळेकडे पाठवणार आणि महिने जाणार. शिवाय सीओएससीचं प्रमाणपत्र नेमकं कशाला मिळतं, तेही पाहायला हवं. सीओएससी ही घड्याळांच्या यंत्रांची अचूकता तपासणारी, १९७३ साली स्वित्झर्लंडमधले पाच कँटन आणि तिथल्या घड्याळ उद्योगाच्या महासंघाने मिळून उभारलेली संस्था. तिच्याकडे केसमध्ये बसवलेलं घड्याळ जात नाही, नुसतं आतलं यंत्र जातं. १५ दिवस आणि १५ रात्री, पाच वेगवेगळ्या स्थितींत, ८, २३ आणि ३८ अंश सेल्सिअसला ते तपासतात. नेहमीच्या आकाराच्या यंत्राची रोजची सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे यांच्या आत राहिली पाहिजे. हा निकाल त्या दिवसांपुरता असतो. पुढे यंत्र केसमध्ये बसतं, मनगटावर चढतं, धक्के खातं. म्हणून खरोखर प्रमाणित यंत्रसुद्धा दीड वर्षाने १४ सेकंद मागे पडू शकतं, आणि तेवढ्याने विक्रेता खोटा ठरत नाही.

तुमच्या प्रकरणात खरा प्रश्न त्याआधीचा आहे : हे यंत्र त्या परीक्षेला बसलं होतं का? प्रमाणित झालेल्या प्रत्येक यंत्रावर स्वतंत्र क्रमांक कोरलेला असतो आणि ‘क्रोनोमीटर’ हा शब्द स्वित्झर्लंडमध्ये उत्तीर्ण यंत्रालाच लावता येतो. कंपन्या तो डायलवर अभिमानाने छापतात. तुमच्या डायलवर तो नाही, हा भक्कम इशारा आहे; पण आयोगासमोर इशारा पुरत नाही. कंपनीला आजच ईमेल करा. घड्याळाचा मॉडेल आणि सीरियल क्रमांक देऊन एवढंच विचारा : यातलं यंत्र सीओएससी प्रमाणित आहे का, असल्यास प्रमाणपत्र क्रमांक काय? दुकानदाराची तक्रार त्यात घालू नका. साध्या प्रश्नाला सरळ उत्तर येण्याची शक्यता जास्त असते.

आणि ती जॉब शीट जिवापाड जपा. सर्व्हिस सेंटरने ती तुम्हाला गप्प करायला दिली असेल, पण मला ती तुमच्या हातातला सर्वात मोलाचा कागद वाटते. कंपनीचंच सेंटर या मॉडेलला २० सेकंदांची मुभा लिहून देत असेल, तर कंपनी ते क्रोनोमीटर म्हणून विकतच नसावी.

जिनिव्हा सीलचं, म्हणजे जिनिव्हा कँटनच्या दर्जाच्या मोहोरेचं, तर आणखी स्पष्ट आहे. त्याचा कायदा १८८६ सालचा. घड्याळाची जुळणी आणि नियमन (वेळ अचूक लावणं) जिनिव्हा कँटनच्या हद्दीतच झालं पाहिजे, सुट्या भागांच्या कडा घासून-पुसून चकचकीत केलेल्या असल्या पाहिजेत. मग गरुड आणि किल्ली असलेलं जिनिव्हाचं चिन्ह उमटतं. तुमचं घड्याळ सोलोथर्नमध्ये जुळवलेलं असेल तर हा विषयच संपतो. कंपनीच्या ईमेलमध्ये तेही विचारून घ्या.

‘स्विस मेड’बद्दल दुकानदार जे बोलला ते सपशेल चूक आहे. तो मूळ स्थानाचा नियम आहे, अचूकतेचा नव्हे. १ जानेवारी २०१७ पासून उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमधला लागतो. यंत्र स्विस, केसमध्ये बसवणं आणि शेवटची तपासणी तिथलीच. रोज किती सेकंद चुकावेत याबद्दल त्यात काही नाही.

आता आपला कायदा. माल विशिष्ट दर्जाचा असल्याचं खोटं सांगणं म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) खालची अनुचित व्यापारी प्रथा. कलम ३९ नुसार आयोग किंमत परत करायला आणि भरपाई द्यायला सांगू शकतो. तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार चालते, म्हणजे नाशिकलाच. रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने फी नाही. तक्रार तुमच्या नावाने करा, पैसे तुम्ही दिलेत. वडील वापरणारे म्हणून कायद्याने ग्राहकच आहेत. त्यांचं शपथपत्र आणि डायरी जोडा. एका स्टेशन मास्तरांनी रोज एकाच वेळी केलेली नोंद मी तरी हलकी मानणार नाही.

मुदत मात्र डोक्यात ठेवा. कलम ६९ खाली दोन वर्षं मिळतात आणि ती खरेदीच्या तारखेपासूनच धरा. तुमच्याकडे पाच महिने उरलेत. दुकानदाराला १५ दिवसांची लेखी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा, पोहोच जपून ठेवा. दाद लागली नाही तर ई-जागृती पोर्टलवर तक्रार दाखल करा. वकील लागतोच असं नाही. विक्रेत्याला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात, फार तर आणखी १५. व्हॉट्सअ‍ॅपचे नुसते स्क्रीनशॉट देऊ नका, सोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडा आणि तो फोन विकू नका.

एक कळकळीची विनंती. कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडे मागचं झाकण उघडून ‘क्रमांक बघू’ असं करू नका. उद्या विक्रेता म्हणेल, यंत्रच बदललं. निकाल लागेपर्यंत बाबांनी घड्याळ वापरूही नये. भेट काढून ठेवा म्हणणं जड जाईल, तरी त्यांना कारण नीट समजावून सांगा.

कंपनीचं उत्तर ‘हो, प्रमाणित आहे’ असं आलं, तर मात्र विक्रेत्यावरची ही तक्रार करू नका. मग तुमचा हक्क वॉरंटीतल्या मोफत दुरुस्तीचा. प्रमाणपत्राचा क्रमांक दाखवून ‘२० सेकंद चालतात’ हे उत्तर सर्व्हिस सेंटरला मागे घ्यायला लावा. वॉरंटी दोन वर्षांची असेल तर तिचेही पाचच महिने उरले असतील. कार्डावरची तारीख आज बघा.