रक्तात जंतू नाहीत, तरी पाय का सुजतो?

प्रश्न : वडिलांचा (वय ५८) डावा पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सहा वर्षे सुजलेला आहे. दर पावसाळ्यात दोन-तीनदा हुडहुडी भरून ताप येतो, पाय लाल होतो, जांघेत अवधाण येते. रात्री घेतलेल्या रक्तात हत्तीरोगाचे जंतू सापडले नाहीत. मग सूज उतरत का नाही? तेल लावून चोळावे का?
– एक वाचक, ब्रह्मपुरी

उत्तर : रक्ताचा अहवाल बरोबर असूनही आजार हत्तीरोगाचा असू शकतो. सूज कृमींमुळे सुरू होते. टिकते ती लसीकावाहिन्या (पेशींभोवतीचे उरलेले पाणी, म्हणजे लसीका, वाहून नेणाऱ्या नळ्या) निकामी झाल्यामुळे.

केशवाहिन्यांतून (सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांतून) पेशींभोवती सतत पाणी झिरपते. त्यातले उरलेले पाणी आणि प्रथिने लसीकावाहिन्या उचलतात, दिवसाला साधारण २ ते ४ लिटर. या जाळ्याला हृदय नाही. वाहिनीची भिंत स्वतः आकुंचन पावते, ठरावीक अंतरावरच्या झडपा द्रव मागे येऊ देत नाहीत आणि चालताना पोटरीचे स्नायू बाहेरून दाब देतात. पायाची लसीका जांघेतल्या गाठींत गाळली जाते, पोटातून वर चढते आणि छातीतल्या सुमारे ४० सेंटिमीटर लांब मुख्य नळीने मानेच्या डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडामागे, शिरेत मिसळते.

हत्तीरोगाचे प्रौढ कृमी नेमके या वाहिन्यांत मुक्काम करतात. मादी ८ ते १० सेंटिमीटर, दोऱ्यासारखी. वाहिनी रुंदावते, झडपांच्या पाकळ्या एकमेकींना टेकेनाशा होतात. पुढे कृमी मेले आणि रक्तात जंतू दिसेनासे झाले तरी त्या झडपा पुन्हा तयार होत नाहीत. साचलेल्या प्रथिनांमुळे कातडीखाली तंतू वाढतात. सुरुवातीला बोटाने दाबल्यावर पडणारा खळगा नंतर पडत नाही. पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरून पाहा. धरताच येत नसेल तर सूज लसीकेची असण्याची शक्यता मोठी.

पावसाळ्यातला ताप बहुतेक वेळा कृमींचा नसतो, जिवाणूंचा असतो. रोवणीच्या दिवसांत पाय चिखलात राहतात, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, तिथून जिवाणू आत शिरतात. प्रत्येक तापागणिक आणखी काही वाहिन्या बंद पडतात आणि पाय आणखी जाड होतो. म्हणून वडिलांचा पाय वाचवायचा तर आधी बेचक्या सांभाळा.

रोज रात्री साध्या पाण्याने व साबणाने गुडघ्यापासून खाली पाय धुवा. कातडीच्या घड्या आणि प्रत्येक बेचकी बोटाने साफ करा; ब्रशने घासू नका. मऊ फडक्याने टिपून घ्या, कारण ओल राहिली तर धुण्याचा उपयोग नाही. पांढरी, भिजकी कातडी दिसली तर डॉक्टरांनी दिलेले बुरशीचे मलम लावा. झोपताना पायाकडची बाजू उंच करा (हृदयविकार असेल तर आधी विचारा). बसल्या बसल्या घोटा वर-खाली १०-१५ वेळा हलवा, दिवसातून चार-पाचदा.

तेलाने जोरात चोळू नका. कातडी सोलवटते आणि जिवाणूंना वाट मिळते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या मनाने देऊ नका. पाणी थोडे जाते, प्रथिने तिथेच राहतात. ताप आला की व्यायाम बंद, पायाला पट्टी बांधत असाल तर तीही बंद, पायावर गार ओले फडके, आणि त्याच दिवशी दवाखाना. प्रतिजैविकाचा कोर्स अर्ध्यावर सोडू नका.

प्रश्न : घरात कुणालाच सूज नाही. मग मोहिमेत दिलेल्या हत्तीरोगाच्या गोळ्या का घ्यायच्या?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : ज्यांच्या रक्तात कृमींची पिल्ले असतात, ते बरेचदा ठणठणीत दिसतात. पिल्ले रात्री रक्तात फिरतात, गटार आणि संडासाच्या टाकीत वाढणारा क्युलेक्स डास त्याच वेळी चावतो आणि शेजाऱ्याला रोग देतो. गोळ्या ही पिल्ले मारतात; सुजलेल्या पायावर त्यांचा फारसा परिणाम होत नाही, त्यामुळे त्या सूज येण्याआधीच घ्यायच्या. प्रौढांना डीईसी या हत्तीरोगावरील औषधाच्या १०० मिलिग्रॅमच्या ३ आणि अल्बेंडाझोल या जंतनाशकाची ४०० मिलिग्रॅमची १ चावून. काही ठिकाणी उंचीनुसार आयव्हरमेक्टिनही. जेवूनच घ्या. नंतर डोके दुखले, अंग कसकसले तर बहुधा पिल्ले मरत असल्यामुळे. एक-दोन दिवसांत थांबते. २ वर्षांखालची मुले, गरोदर बाया आणि गंभीर आजारी माणसे यांना देऊ नयेत.