नमुन्याची ताकद आणि खडकाची ताकद

प्रश्न : बोगद्यासाठी काढलेल्या खडकाच्या नमुन्याचे दाबसामर्थ्य प्रयोगशाळेत १०० मेगापास्कल भरले, पण सल्लागारांनी आराखड्यात जेमतेम साडेचार धरले. एवढी घट कशाच्या आधारावर करतात?

उत्तर : प्रयोगशाळेत दाबला जातो तो एकसंध तुकडा. जमिनीतला खडक सांध्यांनी, म्हणजे नैसर्गिक भेगांनी, चिरलेला असतो आणि भार आला की त्याचे ठोकळे फुटण्याआधी सांध्यांवरून सरकतात. म्हणून खडक किती तुटलेला आहे आणि सांध्यांचे पृष्ठभाग कसे आहेत, या दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली गोष्ट आरक्यूडीने मोजतात : छिद्रातून निघालेल्या गाभ्यातील (खडकाच्या दंडगोल नमुन्यातील) १० सेंटीमीटर किंवा त्याहून लांब तुकड्यांच्या एकूण लांबीचे छिद्रणाच्या लांबीशी असलेले शेकडा प्रमाण. छिद्रण करताना किंवा पेटीत भरताना झालेले ताजे तुटवे यात धरायचे नसतात. ही चूक फार होते. शिवाय सगळे तुकडे ९ सेंटीमीटरचे असतील तर आरक्यूडी शून्य, ११ सेंटीमीटरचे असतील तर १००, म्हणून केवळ या आकड्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते.

खरा निर्णय सांध्याच्या पृष्ठभागावर होतो. तुकडा धुऊन त्यावरून अंगठा फिरवावा : खरखरीत लागतो की घासून गुळगुळीत झाला आहे, फटीत चाकूच्या टोकाने निघणारी माती आहे का, कडेचा खडक कुजला आहे का. बिएनियाव्स्की यांच्या १९८९ च्या खडक-वर्गीकरणात या स्थितीला ० ते ३० गुण आहेत. २०१३ मध्ये हूक, कार्टर आणि डिडरिक्स यांनी सुचवलेल्या सूत्रानुसार या गुणांची दीडपट आणि आरक्यूडीचा निम्मा भाग यांची बेरीज म्हणजे जीएसआय, अर्थात जमिनीतल्या सांधेयुक्त खडकाची प्रत सांगणारा निर्देशांक.

समजा, आरक्यूडी ६० आहे. सांधे किंचित खरखरीत पण कडा बऱ्याच कुजलेल्या असतील तर २० गुण मिळून जीएसआय ६० येतो; सांधे घासून गुळगुळीत झालेले किंवा ५ मिलिमीटरच्या आत माती भरलेले असतील तर १० गुणांमुळे तो ४५ वर येतो. स्फोटाने खडक बिघडलेला नाही असे धरून हूक-ब्राउन निकषात (जीएसआयवरून सांधेयुक्त खडकाची ताकद काढण्याच्या सूत्रात) हे आकडे घातले, तर आपल्या १०० मेगापास्कलचे पहिल्या वेळी सुमारे १०.७ आणि दुसऱ्या वेळी ४.५ उरतात. खडक तेवढाच तुटलेला असूनही ताकद निम्म्याहून खाली येते. सल्लागारांचा आकडा बहुधा अशाच हिशेबातला असावा. त्यांच्याकडे सांध्यांची नोंद आणि गाभापेट्यांची छायाचित्रे मागून पाहा.

मात्र ही रीत सांधे अनेक दिशांना असून खडक सगळीकडून सारखाच वागतो तेथेच लागू पडते. मातीने भरलेला एकच मोठा सांधा छतावर तिरका आला असेल, तर त्या सांध्यावरून ठोकळा घसरण्याचा हिशेब स्वतंत्रपणे करावा लागतो.