दुकानदाराने एकट्याने कचऱ्याविरुद्ध काही केलं तर फरक पडतो का? हे काम नगरपरिषदेचंच नाही का?

फरक पडतो. पण तुमचा दुसरा प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण आमचे धाकटे काका माझ्या वडिलांना जन्मभर हेच ऐकवत आले.

अण्णांचं रत्नागिरीत रामआळीत किराणा दुकान. फळ्या काढल्या की आधी माडाच्या हिरांचा खराटा हातात, देवापुढे उदबत्ती नंतर. झाडायचं तेही आपल्या पायरीपुरतं नाही, शेजाऱ्यांच्या दारावरून थेट गटारापर्यंत. कॅरीबॅग त्यांनी कधी ठेवलीच नाही. 2018 ला राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा बाजारात धावपळ उडाली, आमच्याकडे काहीच बदललं नाही. डाळ-साखर कोऱ्या खाकी कागदात, कड दोनदा आत मुडपून, वर टांगलेल्या रिळाच्या दोऱ्याचा उभा-आडवा वेढा.

दुधाची पिशवी देताना प्रत्येकाला सांगत, "कोपरा पुरता कापू नका हो, लटकता ठेवा." तो नखाएवढा तुकडा खराट्यात येत नाही, भंगारवाला घेत नाही. तो गटारातच जातो. आणि आमच्याकडचा पाऊस काय असतो ते सांगायला नको. गटार तुंबलं की पाणी दुकानात. जे तुंबत नाही ते भाट्याच्या खाडीतून समुद्रात, मग रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढलं की मासळीबरोबर वेफर्सची पाकिटं.

काका म्हणायचे, "घरपट्टी कशाला भरतो आपण?" नगरपरिषद पडलेला कचरा उचलेल, पण तो दुकानातून बाहेर पडूच न देणं गल्ल्यावर बसलेल्याच्याच हातात आहे. कायदाही अण्णांच्याच बाजूचा: कचरा वेगळा करून देण्याची जबाबदारी 2016 च्या घनकचरा नियमांनी तो करणाऱ्यावरच टाकली. वेंगुर्ल्याला डंपिंगच्या जागेचं लोकांनी बघायला जावं असं ठिकाण झालं. नगरपरिषदेने कष्ट घेतले, मान्य, पण ओला-सुका घरोघरी वेगळा झाला नसता तर कसलं काय! वर्षातून एकदा हातमोजे घालून किनाऱ्यावर फोटो काढणाऱ्या मोहिमांचा मला काडीचा उपयोग दिसत नाही.

तेव्हा तुम्ही पिशव्या ठेवणं बंद करा. घरचे ओरडतील, ओरडू देत. गिऱ्हाईक तुटेल म्हणतील, तर काही तुटतं हे खरंच आहे. आमचंही तुटलं. पण दुकान चाललं, त्याच्यावर आम्हा भावंडांची शिक्षणं झाली, हे काकांनी कधी हिशेबात धरलं नाही.

अर्थात घंटागाडी नेमाने येत नसेल तर गोळा केलेलं ठेवायचं कुठे हा प्रश्न राहतोच, तिथे नगरपरिषदेच्या मागे लागावंच लागतं. जाळू मात्र नका. आणि कोकमाचं आगळ, लोणचं कागदात बांधता येत नाही, त्याला गिऱ्हाईकाकडे बरणी मागायची. नसेल तर घरून घेऊन या म्हणायचं. अण्णा ओळखीच्यांनाही परत पाठवत. काकांचा सगळ्यात जास्त राग त्यावर होता, आणि त्या बाबतीत मी आजही अण्णांच्याच बाजूने आहे.