बोटुकलीच्या पोटात चिप बसवली तर वाढ खुंटते का?

शेततळ्यात रोहू-कटला सोडायचेत आणि परदेशात बसवतात तशी, एकेक मासा ओळखायची चिप पिल्लांना बसवली तर वाढ मार खाईल का, असं तुम्ही विचारलंय. मी पैठणच्या बाजूला मत्स्यबीज वाढवून विकतो, त्या अनुभवावरून आणि वाचनावरून सांगतो.

आधी पिल्लू केवढं आहे ते बघा. नेहमीची बिनबॅटरीची चिप म्हणजे १२ मिलिमीटरची काचेची नळी, वजन साधारण ०.१ ग्रॅम. दहा ग्रॅमच्या बोटुकलीला, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लाला, ती एक टक्का भरते, चालून जातं. एक ग्रॅमच्या पिल्लाला दहा टक्के! संशोधक बरीच वर्षं २ टक्क्यांची मर्यादा धरत आलेत. पुढे तिच्यावर वादही झाले, पण नवख्यानं ती पाळावी.

चिप बसल्यावर पहिले काही दिवस पिल्लू खाद्यावर येत नाही. जखम भरायची असते, पोटातली जागा अडलेली असते, वरचं वजन पेलायला वाताशयात (माशाला तरंगतं ठेवणाऱ्या पोटातल्या हवेच्या पिशवीत) जास्त हवा भरावी लागते. बोटुकली मोठी असेल तर पुढे ही तूट बहुतेक भरून निघते. लहान पिल्लू मागे पडतं, मरतं, नाहीतर चिपच बाहेर टाकतं. म्हणून चांगल्या प्रयोगात भूल आणि चिरा दिलेली, पण बिनचिपची पिल्लंही सोबत वाढवतात. नाहीतर हाताळणीचा ताण चिपच्या नावावर जातो.

भूल द्यायला लवंगतेलाच्या पाण्यात सोडलेलं पिल्लू कलंडलं, कल्ल्यांची झाकणं संथ उघडमीट करताहेत, तेवढ्यात काम उरकावं लागतं. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या तापल्या पाण्यात तर हा उद्योग नकोच.

आणि ही चिप स्वतः काही कळवत नाही, वाचक यंत्र अगदी जवळ न्यावं लागतं. अमेरिकेतल्या कोलंबिया नदीवरच्या धरणांत साल्मनची पिल्लं अँटेना बसवलेल्या वाटांनी जातात, म्हणून तिथे नोंद होते. आपल्या नाथसागर जलाशयात सोडलेलं पिल्लू असं सापडायचं नाही. बॅटरीवाली चिप दुरून ऐकू येते, पण जड. भुवनेश्वरच्या केंद्रीय मत्स्यपालन संस्थेनं 'जयंती' ही लवकर वाढणारी सुधारित रोहू तयार करताना चिपा वापरल्या, कारण तिथे प्रत्येक माशाचं घराणं ओळखायचं होतं.

तुम्हाला फक्त वाढच बघायची ना? महिन्याला जाळं ओढा, पंचवीस-तीस मासे तोला, सरासरी वहीत लिहा. दोन ठिकाणचं बीज ताडून बघायचं असेल तर एका गटाचा पोटाखालचा एक पर कापा. तो पुन्हा उगवतो, तेव्हा तपासायला फार उशीर करू नका.