मुकादमाची भीती वेगळी, वहीची भीती वेगळी

प्रश्न : ताई, मी बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातली. वय २८. ऊसतोड बायकांच्या संघटनेत काम करते. आईवडील कोयत्यावर जायचे, मी वसतिगृहात राहून बी.ए. झाले. दसरा झाला की टोळ्या निघतात. त्याआधी आम्ही बायकांच्या नोंदी करतो, मागे राहणाऱ्या पोरांचं बघतो आणि हंगामात सांगली-कोल्हापूरकडच्या उसाच्या फडांवर जाऊन येतो. गेल्या हंगामात उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी, फिटली नाही म्हणून टोळी नेणाऱ्या एका मुकादमाने एका बाईला गावी येऊ दिलं नाही. आम्ही जाऊन तिला आणलं. तेव्हापासून तो माझ्या भावाकडे निरोप धाडतो, "ताईला समजवा, रात्रीबेरात्री फिरतात, रस्ता लांबचा आहे."

मी कथाही लिहिते. दोन छापून आल्यात. आता दिवाळी अंकासाठी एक मोठी कथा डोक्यात आहे. एका बाईची सव्विसाव्या वर्षी पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढली. फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, एका रात्री तिने मला सगळं सांगितलं, ते लिहायचंय. पण संघटनेतला एक सहकारी म्हणाला, "तुला बायांचं दुःख विकून नाव कमवायचंय." तेव्हापासून एक ओळ पुढे सरकत नाही. लिहायला बसले की मीटिंग आठवते, मीटिंगमध्ये बसले की कथा. रात्री दोनला जाग येते. पाळीचा नेम राहिलेला नाही. दिवसभर चहा-बिस्किटावर असते. आणि सांगायला लाज वाटते, पण मला चांगली लेखिका व्हायचंय. "कार्यकर्ती आहे, लिहितेही" एवढ्यावर मला थांबायचं नाही. हे चुकतंय का? की भीती जाईपर्यंत लिहिणं बाजूला ठेवू?

उत्तर : आधी तो निरोप. कथा, झोप, नाव, सगळं त्याच्यानंतर.

मुकादमाची भीती आणि कोऱ्या पानाची भीती तू एकाच पोत्यात भरलीस. मुकादमाला भ्यायलाच हवं. त्याच्या हाताखाली माणसं आहेत, दाराशी गाडी आहे आणि तुझ्या भावाचा नंबर त्याच्याकडे आहे. त्या भीतीचं कागदावर काम करायचं. कोणत्या तारखेला, कुणाकरवी, कोणत्या शब्दांत निरोप आला ते लिहून ठेव. भावाला मेसेज पुसू देऊ नकोस. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दे आणि पोच घेतल्याशिवाय उठू नकोस. धमकी देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली गुन्हा आहे. ठाण्यात बहुतेक एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून घेतील आणि "बघू" म्हणतील. म्हणू देत. पुढे काही घडलंच तर तीच नोंद कामाला येते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हे तू इतर बायकांना सांगत असशीलच, स्वतःसाठी त्या पायऱ्या चढली नसशील. फडावर एकटीने जायचं नाही. कुणाच्या फडावर चाललात आणि कधी परतणार हे मागे एकाला तरी माहीत हवं. ११२ हा नंबर भावाच्याही फोनात असू दे.

आणि हा निरोप बैठकीच्या इतिवृत्तात लिहिला गेलाय का? तुझ्या पत्रात त्याचा पत्ता नाही, म्हणून विचारते. बाईला सोडवून आणली संघटनेने, मग धमकीही संघटनेलाच आलेली आहे. ती तू आणि तुझा भाऊ अशी घरातल्या घरात जिरवलीत तर मुकादमाला आणखी काही करायची गरजच उरत नाही.

आता अंगाचं. तू पिशवी काढलेल्या बायकांना विचारत असशील, चक्कर येते का, झोप लागते का, काय खाता. हेच प्रश्न स्वतःला विचारलेस तर त्या नोंदवहीत तुझंही नाव चढवावं लागेल. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घे, पाळीचं डॉक्टरांच्या कानावर घाल. रात्री दोनला उठून फोन बघायचाच असेल तर १४४१६ लाव. टेलि-मानसची ही लाइन फुकट आहे, मराठीत बोलता येतं आणि रात्रीही कुणीतरी उचलतं. चळवळीतली माणसं असे नंबर दुसऱ्यांना द्यायला पाठ करतात.

सावित्रीबाईंचं एक पत्र मला फार जवळचं आहे. १८५६ च्या ऑक्टोबरात त्या आजारपणामुळे माहेरी, नायगावला होत्या. तिथून त्या जोतिबांना कळवतात की पूर्ण बरं वाटलं की पुण्याला येईन. मागे शाळेतल्या सहकारी फातिमाला फार त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असंही लिहितात. शाळा चालू होत्या, विरोध चालू होता, तरी बाई बरी होईपर्यंत थांबली. त्याच पत्रात त्यांनी भावाशी झालेला वादही कळवलाय, म्हणजे अंथरुणावरूनही भांडण सोडलं नव्हतं! त्यांचा पहिला कवितासंग्रह १८५४ चा, त्या ऐन शाळांच्या धामधुमीतला. आपल्या भाषणांत मात्र सावित्रीबाई शेणगोळे झेलण्यापुरत्याच येतात. कविता आणि आजारपण कुणी सांगत नाही.

तुझी फातिमा कोण? तुझ्या पत्रात एकही नाव नाही. वसतिगृहांच्या वॉर्डनचे नंबर, कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याचा नंबर, कुठली टोळी कुठल्या सेंटरला गेली त्याची यादी, हे सगळं तुझ्या एकटीच्या फोनात असणार. ते या आठवड्यात आणखी दोघींकडे जाऊ दे. तू चार दिवस पडलीस तर काम अडू नये, एवढी तजवीज ही तुझ्या झोपेची पहिली गोळी आहे.

कथेकडे येते.

२०१९ मध्ये बीडच्या पिशव्यांची बातमी देशभर गाजली. विधिमंडळात प्रश्न आला, सरकारने समिती नेमली. कॅमेरे घेऊन आलेल्या माणसांनी बायकांना काय काय विचारलं असेल, ते तू त्यांच्याच तोंडून ऐकलं असशील. त्या बाईने तुला कोपीत जे सांगितलं ते संघटनेच्या ताईला सांगितलं. तिच्याशी कुणी लेखिका बोलत होती हे तिला ठाऊक नव्हतं. म्हणून नाव बदललं की झालं, असं इथे होत नाही. सव्विसाव्या वर्षी पिशवी काढलेली, अमुक कारखान्याला जाणारी, दोन लेकरांची आई अशी त्या वस्तीत एकच बाई असेल, तर नाव काहीही ठेव, वस्ती ओळखणारच. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, ती घरी आली की तिच्याकडे जा. बैठकीत विचारू नकोस, चारचौघांत बाई नाही म्हणत नाही. काय लिहायचंय ते सांग. लिहून झाल्यावर वाचून दाखव. ती "नको" म्हणाली तर ती कथा तिथे संपली. वाईट वाटेल, वाटू दे.

सहकाऱ्याला मी एकच विचारलं असतं. निधी मागायच्या अर्जात, वार्षिक अहवालात याच बायकांच्या कहाण्या "केस स्टडी" म्हणून फोटोसकट जातात ना? तिथे कुणाची संमती घेता? नियम करा, पण दोन्हीकडे एकच करा. त्याचं बोलणं अगदीच फेकून देऊ नकोस, त्यातला संमतीचा मुद्दा खरा आहे. "नाव कमवायचंय" हा टोमणा त्याचा त्याला परत कर. पुरुष कार्यकर्त्याचं पुस्तक आलं की संघटना प्रकाशन समारंभ करते, पेढे वाटते. बाईचं आलं की विचारतात, वेळ कुठून मिळाला गं?

पण खरी गोष्ट मला तुझ्या पत्राच्या सुरुवातीलाच दिसली. "आईवडील कोयत्यावर जायचे, मी वसतिगृहात राहून बी.ए. झाले." एका ओळीत उरकलंस आणि पुढे पळालीस. आई पहाटे कुठल्या गाडीत बसून गेली, दिवाळीला वसतिगृहात कोण कोण उरायचं, वडिलांची उचल किती आणि तुझ्या फीचे पैसे त्यातून कसे निघाले, पट्टा पडल्यावर आई परत आली तेव्हा तू तिच्याजवळ गेलीस की लाजलीस, हे लिहायला कुणा परक्या बाईची परवानगी लागत नाही. लागलीच तर आईची. पान हलत नाही ते सहकाऱ्याच्या टोमण्याने, असं तुला वाटतंय. मला तसं वाटत नाही. दुसरीचं दुःख लिहिताना आपण उभ्या असतो, आपलं लिहिताना बसावं लागतं. त्या बसण्याला तू भितेस. ही भीती मात्र पोलीस ठाण्यात नोंदवता येत नाही. ती अंगावर घेऊनच लिहायचं असतं. जाईपर्यंत थांबू का विचारतेस, तर नको.

फलटणला बेबीताई कांबळे छोटं दुकान चालवायच्या आणि घरच्यांपासून लपवून वहीत लिहायच्या. कितीतरी वर्षं ते कागद दडवून ठेवलेले होते. पुस्तक आलं १९८६ मध्ये. त्या आंबेडकरी चळवळीतल्याच बाई, काम सोडून लेखिका झाल्या नव्हत्या. तुला वही दडवायची गरज नाही, पण तुझी लाज त्याच जातकुळीतली आहे. चांगली लेखिका व्हायचंय हे बैठकीत उभं राहून सांगायची गरज नाही. स्वतःशी मात्र कुजबुजत म्हणू नकोस.

वेळेचं सांगते. मी सोलापुरात विडी कामगार बायकांमध्ये काम करायचे. मालकाने छाट म्हणून किती विड्या फेकल्या त्याचा हिशेब ज्या वहीत, त्याच वहीत सुचलेली ओळ असं चालायचं. पुढे वह्या वेगळ्या केल्या. कथेची वही मी ऑफिसात नेत नसे आणि छाटीची घरी उघडत नसे. तुझंही तसं कर. फोनवर तर अजिबात लिहू नकोस, त्यातच मुकादमही येतो. तुमच्या कामाला रिकामा महिना नाही हे ठाऊक आहे. पण टोळ्या परतल्या की लग्नसराई लागते आणि मीटिंगला कुत्रं फिरकत नाही. ते दिवस तुझे. दिवाळी अंकवाल्यांना मजकूर पावसाळ्यातच हवा असतो, त्यामुळे तारखाही जुळतात. ही रजा बैठकीत मागून घे, लेखी घे, लेखनासाठी म्हणून घे. आजारपणाचं निमित्त सांगू नकोस, त्या रजेचीही तुला वेगळी गरज आहे. आणि त्या दिवसांत दुपारचं जेवण गरम हवं. भाकरी तूच थापली पाहिजेस असं नाही, भावालाही हात आहेत.

प्रश्न : मी नाशिकजवळ शिक्षक आहे. जुन्या पेन्शनच्या मोर्चांसाठी गाणी लिहितो, ती गाजतात. पण आता साधी प्रेमाची कविता लिहायला घेतली तरी शेवटी घोषणाच होते. मित्र म्हणतात, दोन्हीपैकी एक धर.

उत्तर : मित्रांचं ऐकू नका. अण्णा भाऊ साठ्यांनी १९४४ मध्ये अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. गिरणगावात पोवाडे, वगनाट्यं चालू असताना आणि त्यानंतरही कथा-कादंबऱ्या लिहिल्या. त्यांना कुणी "एक धर" म्हटलं असतं तर आपलं केवढं नुकसान झालं असतं. मोर्चाचं गाणं हजार माणसांनी एका दमात म्हणायचं असतं, म्हणून त्यात ध्रुपद लागतं, ठाम शेवट लागतो. तुमचा हात त्या शेवटाला सरावलाय, बाकी काही झालेलं नाही. प्रेमाची कविता लिहून झाली की घरातल्या आवाजात वाचा. ज्या ओळीला मूठ वर जाते ती ओळ काढून मोर्चाच्या वहीत टाका, तिथे ती चालेल. उरलेलं पाठवून द्या, मी वाचीन. प्रेम कुणावर आहे ते कळवलं नाहीत तरी चालेल, बायकोला दाखवलंत का एवढं मात्र कळवा.